सहावी धाव : नॉक्सव्हिल ते ओमाहा, जून २०२४

बुधवार, १९ जून

कॉलेज बेसबॉलमध्ये टेनेसीने फ्लोरिडा स्टेटला ७-२ असं हरवून अंतिम फेरी गाठली, तेव्हा घरात पहिली ओरडली ती लेक आणि तिच्या पाठोपाठ मी. हिने फक्त एवढंच विचारलं, "मग किती दिवसांच्या दशम्या करू?" जायचं ठरलं ते तिथेच.

लेक याच मे महिन्यात युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसीतून पदवीधर झाली. तिची कॉलेजची चार वर्षं आणि या बेसबॉल संघाची चार वर्षं जोडीनेच गेली. २०२१ मध्ये संघ ओमाहाला गेला आणि दोन्ही सामने हरून परत आला. २०२२ मध्ये तर देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ होता. ५७ सामने जिंकून बसलेला हा संघ ओमाहाच्या उंबरठ्यावर, आमच्याच गावात, नॉक्सव्हिलला, नोटर डेम कॉलेजकडून हरला. त्या रात्री लेक जेवली नव्हती. २०२३ मध्ये पुन्हा ओमाहा, आणि तिथे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, म्हणजे एलएसयूने, दोनदा हरवलं. म्हणून यंदा आम्ही घरात मोठ्याने काहीच बोलत नव्हतो. तिकिटांचं पान मात्र मी नवापैकी आठव्या इनिंगपासूनच उघडून ठेवलं होतं.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. मे संपता संपता देशभरातले ६४ संघ निवडले जातात. त्यांतून आठ उरतात आणि ते आठ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात जमतात. दोन सामने हरलात की घरी. शेवटी उरलेल्या दोघांत तीन सामने, त्यांतले दोन जिंकेल तो विजेता. स्पर्धेचं नाव 'कॉलेज वर्ल्ड सिरीज', पण खेळाडू ते नाव क्वचितच घेतात. ते नुसतं 'ओमाहा' म्हणतात. १९५० पासून ही स्पर्धा जूनमध्ये तिथेच होते, त्यामुळे गावाचं नावच स्पर्धेचं नाव झालंय. आपल्याकडे 'पंढरपूर' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, तसं.

गुरुवार, २० जून

रजा मिळाली. संध्याकाळी शेजारच्या आजोबांकडे सांगायला गेलो.

आजोबांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. आम्ही एकोणीस वर्षांपूर्वी या घरात राहायला आलो, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला त्यांच्या व्हरांड्यात बसवून बेसबॉलचं स्कोअरबुक लिहायला शिकवलं. सांगलीत मी क्लबच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसलेलो, त्यामुळे कागद-पेन्सिलीची भीती नव्हती. पण हे पुस्तक वेगळंच. प्रत्येक फलंदाजाची एक ओळ, प्रत्येक इनिंगचा एक उभा रकाना आणि प्रत्येक चौकटीत एक इवलासा छापील चौकोन, टोकावर उभा केलेला. मैदानावर चार कोपऱ्यांना चार बेस असतात, चौथा म्हणजे 'घर'. खेळाडू पहिल्या बेसवर पोचला की चौकोनाची एक बाजू ठळक करायची, दुसऱ्यावर पोचला की दुसरी. चारही बाजू ओढून तो घरी परतला की आतला भाग पेन्सिलीने भरून काढायचा. ती धाव. पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, फलंदाजाला तीनदा चकवून बाद केलं की तो स्ट्राइकआउट, त्याला 'के' लिहायचा. फलंदाजाने बॅट न हलवता नुसता चेंडू बघितला आणि बाद झाला, तर तोच 'के' उलटा. सामना संपल्यावर पान समोर धरलं की सगळा खेळ पुन्हा उभा राहतो.

१९५१ मध्ये टेनेसी ओमाहाला अंतिम सामन्यात पोचली होती आणि ओक्लाहोमाकडून ३-२ अशी हरली. आजोबा तेव्हा शाळेत होते. वडिलांनी दुसऱ्या दिवशी पेपरातून वाचून दाखवलेलं त्यांना अजून आठवतं. गुडघ्यांमुळे इतका लांबचा प्रवास आता जमत नाही. त्यांनी आतून नवं कोरं स्कोअरबुक आणून माझ्या हातात दिलं आणि दोन पेन्सिली.

"पेनाने लिहू नकोस, खोडावं लागतं," म्हणाले. "आणि टीव्हीवर काय दाखवलं ते मला नको. तुला तिथून जे दिसेल ते लिही."

शुक्रवार, २१ जून

पहाटे पाचला निघालो. आज वटपौर्णिमा. हिने निघण्याआधी देवापुढे सुपारी मांडून वडाची पूजा केली. उपासाची साबुदाण्याची खिचडी डब्यात, बाकीच्यांसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं. नॉक्सव्हिल ते ओमाहा सुमारे दीड हजार किलोमीटर. ते दोन दिवसांत तोडायचं होतं.

पश्चिमेकडे कंबरलँडचं पठार चढून गेलं की टेनेसीतच घड्याळ एक तास मागे जातं. नॅशव्हिलच्या पुढे केंटकी लागलं, पडूकाजवळ ओहायो नदी ओलांडून इलिनॉय. रस्त्याला आमच्यासारख्याच नारिंगी झेंड्यांच्या गाड्या दिसायला लागल्या. ओळख ना पाळख, पण जवळून जाताना प्रत्येक जण हॉर्न वाजवत होता. पेट्रोल पंपावर एका आजीबाईंनी लेकीचा टी-शर्ट पाहिला आणि तिला मिठीच मारली. टेनेसीचा रंग नारिंगी. पहिल्यांदा या गावात आलो तेव्हा फुटबॉलच्या दिवशी रस्ताभर नारिंगी झेंडे बघून मला भगव्या पताकांची आठवण झाली होती. आज पुन्हा झाली. पुढच्या शुक्रवारी देहूतून तुकोबांची पालखी निघेल, शनिवारी आळंदीतून माउलींची.

इलिनॉयमध्ये एके ठिकाणी पूर्वेला वळलो असतो तर इव्हान्सव्हिल. त्या छोट्या कॉलेजने या महिन्याच्या सुरुवातीला आमचा जीव टांगणीला लावला होता. ओमाहाच्या आधीची फेरी, तीन सामन्यांची. पहिला टेनेसीने जिंकला, दुसरा इव्हान्सव्हिलने १०-८ असा हिसकावला. २०२२ ची रात्र पुन्हा दिसायला लागली. मग तिसऱ्यात १२-१. लेक तेव्हा स्टेडियममध्येच होती, घरी आली ती आवाज बसलेला घेऊन.

गाडीत तिने हंगामाची उजळणी घेतली. तिला सगळं पाठ. या संघाने यंदा पावणेदोनशेहून जास्त होमरन मारले. होमरन म्हणजे चेंडू भिंतीपलीकडे, आपल्या षटकारासारखा. त्याहून जास्त एकाच हंगामात एकाच कॉलेज संघाने मारले आहेत, १९९७ च्या एलएसयूने, १८८. एकाच संघातले पाच जण २० किंवा अधिक होमरन मारतात, असं कॉलेज बेसबॉलमध्ये याआधी कधी घडलं नव्हतं. एकट्या क्रिस्टियन मूरचे तीसच्या वर. याच मूरने ओमाहातल्या पहिल्या सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होमरन, म्हणजे एक, दोन, तीन आणि चार बेस मिळवून देणारे चारही फटके मारले. या स्पर्धेत असं फक्त दुसऱ्यांदा घडलं. पहिल्यांदा १९५६ मध्ये. तो सामना शेवटच्या इनिंगपर्यंत हातातून गेलेला होता, तो १२-११ असा ओढून आणला.

"आणि बाबा, पहिलं मानांकन मिळालेला संघ जिंकत नाही," ती म्हणाली. हेही खरं. ६४ संघांची पद्धत आली १९९९ मध्ये. त्या वर्षी मायामी पहिल्या मानांकनावर जिंकली. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

दुपारी सेंट लुइस. मिसिसिपीच्या काठावरची ती ६३० फुटांची कमान पुलावरूनच पाहिली. टेनेसीचे प्रशिक्षक टोनी विटेलो याच गावचे. त्यांचे वडील इथल्या एका शाळेत वर्षानुवर्षं बेसबॉल आणि सॉकर शिकवत होते. मुलाने वडिलांचीच वाट धरलेली.

संध्याकाळी मिसुरीतल्या कोलंबियाला पोचायच्या बेतात होतो. सूर्य समोर मावळला आणि थोड्याच वेळात हिने मागे वळून पाहिलं. "अहो, आरशात बघा." आरशात पौर्णिमेचा चंद्र क्षितिजाला टेकून वर येत होता, भलामोठा आणि चक्क नारिंगी. लेकीने हात जोडले. कशासाठी ते मी विचारलं नाही.

शनिवार, २२ जून

कॅन्सस सिटीपासून उत्तरेला वळलो, मिसुरी नदी डाव्या हाताला ठेवून. दोन्ही बाजूंना मैलोन्मैल मका, गुडघ्याच्या वर आलेला. फोनवर भारत-बांगलादेश लागलेला, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा. भारत ५० धावांनी जिंकला. सकाळ चांगली गेली.

ओमाहातली हॉटेलं केव्हाच भरली होती, म्हणून नदीपलीकडे, आयोवा राज्यातल्या काउन्सिल ब्लफ्समध्ये खोली घेतली होती. पोचलो तर आमच्या नावाची खोलीच नाही म्हणाले. पैसे भरल्याची पावती दाखवली तरी उपयोग होईना. तासभर गेला, शेवटी दुसऱ्या एका जागी सोय झाली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, सामना चुकतो की काय म्हणून. हिने तिला दशमी खायला घातली आणि आम्ही चालतच निघालो.

तो पूल मी विसरणार नाही. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, २००८ मध्ये बांधलेला बॉब केरी पूल, मिसुरीवरून वळणं घेत जाणारा. एका टोकाला आयोवा, दुसऱ्याला नेब्रास्का, मधोमध सीमारेषा आखलेली. लोक एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात. खाली नदी गढूळ आणि चढलेली. उत्तरेला आयोवा आणि साउथ डकोटाच्या सीमेवर पूर आला होता, गावं खाली करत होते. पुलावर एक माणूस त्याबद्दलच बोलत होता. त्याची बहीण तिकडे राहते. अंगात नारिंगी शर्ट, पण चेहऱ्यावर सामन्याचं काही नव्हतं.

स्टेडियमबाहेर 'रोड टू ओमाहा' हा ब्राँझचा पुतळा आहे. जिंकलेले चार खेळाडू, एक जण इतरांच्या खांद्यांवर उचललेला. हात लावायला रांग. आपल्या संघाचे लोक त्याला हात लावून कपाळाला लावत होते. त्यांना हे कोणी शिकवलं असेल? आम्हीही लावला.

सामन्याबद्दल थोडक्यातच लिहितो. अंतिम फेरीत समोर टेक्सस ए-अँड-एम युनिव्हर्सिटी. त्यांच्या पहिल्याच फलंदाजाने, गॅव्हिन ग्रॅहोव्हॅकने, होमरन मारला. स्कोअरबुकात पहिलीच चौकट मला भरून काढावी लागली, तीही परक्या बाजूची. त्यांचाच केडन केंट, मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेल्या जेफ केंटचा मुलगा, त्यानेही चेंडू बाहेर घालवला. ९-५ असे हरलो.

त्यांच्या प्रेक्षकांची एक सवय आहे. समोरच्या पिचरने चार बॉल बाहेर टाकून फलंदाजाला फुकट बेस दिला, की पुढच्या चेंडूला सगळं स्टेडियम "बॉल फाइव्ह!" असा गजर करतं. तोही बाहेर गेला तर "बॉल सिक्स!" हजारो लोक एका सुरात. आमच्या पिचरच्या मानेवर घाम आलेला मला आमच्या जागेवरून दिसत नव्हता, पण तो दर वेळी टोपी काढून परत घालत होता, ते दिसत होतं. मी ते समासात लिहून ठेवलं.

परतताना पुलावर कोणीच बोललं नाही.

रविवार, २३ जून

दुपारचा सामना. ऊन रणरणतं. हिने डोक्यावरून ओढणी घेतली, मी टोपीखाली ओला रुमाल.

आज हरलो तर संपलं. आणि सातव्या इनिंगपर्यंत टेनेसी १-० ने मागे. चेंडू लागतच नव्हता. कॉलेजमध्ये बॅट धातूची असते, मोठ्या लीगसारखी लाकडी नाही, त्यामुळे नीट लागला तर टणकन घंटेसारखा आवाज होतो. तो आवाज दुपारभर आमच्या कानांवर आलाच नव्हता. नुसता ठक्क, आणि चेंडू कुणाच्या तरी हातात.

सातव्या इनिंगमध्ये दोन जण बाद झालेले, एक जण बेसवर, आणि डिलन ड्रायलिंग आला. शेजारच्या कॅन्ससमधल्या हेज गावचा पोरगा. कालही त्याने होमरन मारला होता. तो आवाज आला. टण्ण. चेंडू कुठे गेला ते बघायची गरजच नव्हती, आमच्या पुढच्या सगळ्या रांगा उभ्या राहिल्या. २-१.

पण मला आज लिहायचंय ते कॅल स्टार्कबद्दल. स्टार्क हा टेनेसीचा कॅचर. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, पण काम दुप्पट. प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं, पिचरला काय टाकायचं ते बोटांनी सांगायचं, अंगावर येणारं सगळं अडवायचं. पूर्ण ओमाहाभर त्याने हे निमूटपणे केलं आणि फलंदाजीला आला की बाद झाला. एकही हिट नाही. माझ्या कालच्या पानावर त्याच्या ओळीत एकही बाजू ठळक केलेली नव्हती. आमच्या मागे बसलेला एक गृहस्थ त्याला बदलायची मागणी करत होता, दर इनिंगला, मोठ्याने.

आठव्या इनिंगमध्ये एक जण बेसवर असताना स्टार्क आला आणि त्याने चेंडू भिंतीपलीकडे घालवला. ४-१. मागचे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात टाकून चक्क रडत होते. स्टार्क बेसेसवरून धावत आला, घरी पाय ठेवला, हस्तांदोलनं केली आणि थोड्याच वेळात पुन्हा पॅड बांधून उकिडवा बसला. ज्या माणसाचं काम कुणाला दिसत नाही त्याला एक दिवस असा मिळावा. माझ्या पुस्तकातली ती चौकट मी दोनदा भरली, पेन्सिल दाबून.

जिंकलो ४-१. १-१ अशी बरोबरी. उद्या तिसरा.

सोमवार, २४ जून

सकाळी साडेनऊला हॉटेलच्या खोलीत भारत-ऑस्ट्रेलिया. आमच्या फोनच्या इवल्या पडद्यावर रोहितने ४१ चेंडूंत ९२ धावा काढल्या, आठ षटकार. स्टार्कला एका षटकात २९. हो, तिकडेही एक स्टार्क होता! लेक म्हणाली, "बाबा, आपला स्टार्क मारतो, त्यांचा मार खातो. शुभशकुन आहे." भारत २४ धावांनी जिंकला. मुंबईत भावाकडे फोन केला, तिकडे रात्र झाली होती आणि बोरिवलीच्या पोराचं कौतुक संपत नव्हतं. संध्याकाळी आमचा अंतिम सामना आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "दादा, कुठला?" वहिनीने मागून फोन घेतला आणि म्हणाली, "जिंका म्हणावं, कुठला का असेना."

दुपारी वेळ होता म्हणून जुन्या मैदानाची जागा बघायला गेलो. १९५० ते २०१० ही स्पर्धा रोझेनब्लॅट स्टेडियमवर व्हायची. ते पाडलं, आता ती जागा हेन्री डोर्ली प्राणिसंग्रहालयाकडे आहे, वाहनतळासाठी. पण त्यांनी जुन्या होमप्लेटच्या जागी एक छोटं मैदान राखून ठेवलंय. कुंपण, बेस, हिरवळ. बाहेर गाड्या उभ्या, आत लहान मुलं धावतायत. १९५१ चा तो सामना इथलाच. ओक्लाहोमा ३, टेनेसी २. मी होमप्लेटजवळ वाकून हाताने जमीन चाचपली आणि आजोबांना फोन लावला. म्हटलं, मी कुठे उभा आहे सांगा. त्यांनी ओळखलं नाही. सांगितल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ऊन आहे का तिथे?" म्हटलं, आहे. "मग पाणी पी."

संध्याकाळी सहाचा सामना. चोवीस-पंचवीस हजार माणसं, अर्धं स्टेडियम नारिंगी, अर्धं किरमिजी. ए-अँड-एमनेही ही स्पर्धा कधीच जिंकलेली नव्हती. त्यांच्या बाजूलाही कुणाचे तरी आजोबा घरी टीव्हीसमोर बसले असतील, हे मनातून जात नव्हतं.

टेनेसीचा पहिला फलंदाज क्रिस्टियन मूर, आणि त्याने होमरनच मारला. मी अजून त्याचं नाव नीट लिहीत होतो! पिचर होता झँडर सेक्रिस्ट, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला डावखुरा. वेगवान नाही. आपल्याकडे एखादा फिरकीवाला नुसत्या उंची-लांबीने खेळवतो, तसा. ए-अँड-एमचे दांडगे फलंदाज बॅट आधी फिरवत होते किंवा नंतर. माझ्या पानावर 'के' उमटत गेले. सहाव्या इनिंगमध्ये तो मैदान सोडून निघाला तेव्हा त्याने एकच धाव दिली होती. आमच्या बाजूचे सगळे उभे राहिले. त्याने टोपी काढून वर केली.

सातवी इनिंग. आपण ३-१ ने पुढे.

ड्रायलिंगने पुन्हा मारला, दोन धावांचा. ५-१. तिन्ही अंतिम सामन्यांत होमरन मारणारा तो पहिला खेळाडू. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून रात्री त्याचंच नाव घेतलं. लेक माझ्या गळ्यात पडली, हिने पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढून आजूबाजूच्या अनोळखी माणसांना वाटायला सुरुवात केली. सामना संपल्यासारखंच वाटत होतं, आणि बरेच जण त्यानंतरचं नीट बघतच नव्हते. आजोबांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून मी बघत होतो.

हंटर एन्सली पहिल्या बेसवर पोचला. मी एक बाजू ठळक केली. मग कव्हेरस टिअर्सने चेंडू लांब मारला, आणि एन्सली निघाला. दुसरा बेस. तिसरा. आणि तो थांबला नाही. चेंडू त्याच्या आधी परत आला. हे आम्हाला वरून स्पष्ट दिसत होतं, चेंडू कॅचर जॅक्सन अपेलच्या हातात आणि एन्सली अजून घरापासून काही पावलं लांब. बाद. मी पेन्सिल टेकवली सुद्धा.

अपेल हात लांबवून झेपावला. एन्सली धावता धावता मध्येच जणू अडखळला, कंबरेत वळला, पोट आत ओढलं, आणि कॅचरचा हातमोजा त्याला न लागता पुढून निघून गेला. कबड्डीत चढाईवाला बोनसरेषेजवळ असा निसटतो, अंग एकीकडे आणि पाय दुसरीकडे. अपेल पोटावर आडवा. एन्सलीने वळसा घालून वाकून हाताने घर शिवलं. पंचाने दोन्ही हात पसरले, म्हणजे नाबाद.

माझी पेन्सिल बादची खूण लिहिण्यासाठी टेकलेली, ती घसरली आणि कागद फाटला. त्या फाटलेल्या चौकटीतच मी चारही बाजू ओढल्या आणि आतलं काळं केलं. ६-१.

पाच धावांची आघाडी. ही सहावी धाव म्हणजे वरकड, असंच त्या क्षणी सगळ्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं.

आठव्या इनिंगमध्ये ए-अँड-एमने दोन धावा काढल्या. ६-३. नवव्यात पुन्हा सुरू. "बॉल फाइव्ह"चा गजर, आता इतका जोरात की खालची लोखंडी पायरी थरथरत होती. ६-४. ६-५. हिने लाडवांचा डबा बंद करून मांडीवर घट्ट धरला होता. लेक खुर्चीत नव्हतीच, ती दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत जमिनीवर बसून डोळे मिटून होती आणि मला विचारत होती, "काय झालं? बाबा, काय झालं?" मी प्रत्येक चेंडू तिला सांगत होतो. सांगलीच्या मैदानावर एकदा रेडिओ बंद पडला तेव्हा मी असंच खिडकीतून खालच्या पोरांना सांगितलं होतं.

एक धाव. आमच्यात आणि त्यांच्यात एकच धाव उरली होती, आणि ती कुठली, ते माझ्या मांडीवरच्या पानावर दिसत होतं.

एरन कॉम्ब्सने शेवटचा फलंदाज स्ट्राइकआउट केला. "झालं," मी म्हटलं. लेकीने डोळे उघडले.

पुढचं मला सलग आठवत नाही. खेळाडूंचा मैदानावर ढीग, फटाके, कागदाचे तुकडे. युनिव्हर्सिटीचं गाणं सुरू झालं, एकेक शब्द ताणून म्हणणारे हजारो लोक. शेजारी एक किरमिजी शर्टातला मुलगा, असेल वीसेक वर्षांचा, तोंड ओंजळीत धरून बसलेला. हिने त्याच्या हातात एक लाडू ठेवला. त्याने तो खाल्ला.

हंगामात ६० विजय, १३ पराभव. टेनेसी ज्या गटात खेळते त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये याआधी कुठल्याही संघाला साठ गाठता आले नव्हते. टेनेसीचं बेसबॉलमधलं हे पहिलं विजेतेपद. आणि १९९९ नंतर पहिल्यांदा पहिल्या मानांकनाचा संघ जिंकला. लेकीने हे सगळं रात्री एक वाजता पुलाच्या मधोमध उभं राहून, एक पाय नेब्रास्कात आणि एक आयोवात ठेवून, मला पुन्हा म्हणून दाखवलं.

मंगळवार, २५ जून

परतीचा रस्ता. कॅन्सस सिटीपर्यंत हॉर्न वाजवणाऱ्या नारिंगी गाड्या, मग हळूहळू पांगल्या. वाटेत बातमी आली की ए-अँड-एमचे प्रशिक्षक युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससला चालले. ए-अँड-एम आणि टेक्सस म्हणजे हाडवैरी. हरून अजून चोवीस तास झाले नाहीत. मला काल रात्रीचा तो किरमिजी शर्टातला मुलगा आठवला. जिंकलेल्या संघाच्या गाडीत बसून हे ऐकतानाही वाईट वाटलं. माणसाने निदान पोरांना घरी पोचू द्यावं.

मुक्काम सेंट लुइसजवळ. दशम्या संपल्या. चटणी शिल्लक.

बुधवार, २६ जून

दुपारी घरी. सामान दारातच ठेवून आधी शेजारी गेलो.

आजोबा व्हरांड्यात बसले होते. कुणीतरी आणून दिलेला नारिंगी झेंडा खांबाला बांधलेला. मी पुस्तक दिलं. त्यांनी चष्मा बदलला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, बोट ओळीवरून सरकवत. शनिवारचं पान. समासातली टोपीची नोंद वाचून मान हलवली. रविवारचं पान, स्टार्कची काळीकुट्ट चौकट. तिथे थोडे थांबले. मग सोमवार. मूर. सेक्रिस्टचे 'के' त्यांनी बोटाने मोजले. लेक जिन्याच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होती.

बोट सातव्या इनिंगवर आलं आणि थांबलं.

"इथे कागद कसा फाटला?"

"टीव्हीवर पाहिलं असेल ना तुम्ही," मी म्हटलं.

"पाहिलं. दहा वेळा दाखवलं त्यांनी. तू सांग."

मी खुर्ची ओढून जवळ बसलो. "टिअर्सच्या फटक्यापासून सांगू?"

"नाही," ते म्हणाले आणि पेन्सिल कानामागे अडकवली. "त्याच्या आधीच्या चेंडूपासून."